उरलेले तीन थाऊ

"मला एवढंच सांगा बापू," नानांनी कप खाली ठेवला, "सगळे भाग सगळ्यांना बसतात म्हणता, मग रायफलीच्या बोल्टवर नंबर कशाला घालतात?"

वाद नेहमी इथूनच सुरू होतो. नाना माझे सख्खे काका. एका जिल्हा पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात त्यांनी आर्मरर म्हणून तेवीस वर्षं काढली, आणि त्यातली बहुतेक वर्षं त्यांच्या हाताखालून एकच हत्यार गेलं, थ्री-नॉट-थ्री. बापू त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतात. ते पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधले. ज्या गेजने कारखाना माल तपासतो ते गेजच बरोबर आहे का, हे पाहणं हे त्यांचं शेवटच्या बारा वर्षांचं काम. दोघांचं हे भांडण लहानपणापासून माझ्या कानावर आहे. या दिवाळीत मी पहिल्यांदा वही घेऊन मध्ये बसलो.

थ्री-नॉट-थ्री म्हणजे ली-एनफिल्ड. जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडात जन्मलेल्या, कॅनडात वाढलेल्या माणसाचा बोल्ट आणि मॅगझिन, आणि लंडनच्या उत्तरेला एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात ठरलेले नळीतले आटे. आपल्या पोलिसांकडे जी पोचली ती तिच्या १९०७ सालच्या मार्क थ्री या नमुन्याची वंशज. एनफिल्डखेरीज बर्मिंगहॅमची बीएसए, लंडनची एलएसए, ऑस्ट्रेलियातलं लिथगो आणि आपल्याकडे कोलकात्याजवळचं इशापूर, हे सगळे ती एकाच नमुन्यावरून बनवत. नमुना एक असूनही प्रत्येकाची रायफल वेगळी ओळखू येते. हे वेगळेपण रायफलीचा गुण की कारखान्याचा दोष, यावर दोघे अडून बसलेले.

"नंबर हिशेबासाठी," बापू म्हणाले.

"हिशेबाला बॉडीवरचा एक पुरतो. तोच नंबर बोल्टच्या मुठीमागे पुन्हा ठोकलाय, तो निरोप आहे. हा बोल्ट याच बॉडीत बसवलाय, दुसरीकडे घालू नका. बोल्टच्या दोन्ही बाजूंचे लग, म्हणजे त्याला बॉडीत अडकवणारे कान, सारखे टेकावे लागतात. एकच टेकला तर गोळी सुटताना सगळा भार एका अंगावर येतो. ते टेकणं कुणीतरी फिटर बघतो, कानस घेऊन, अगदी हलक्या हातानं. यंत्र त्याच्या आधी थांबलेलं असतं."

"म्हणजे कारखान्यानं अर्धवट टाकलं आणि फिटरनं पुरं केलं." बापू शांतपणे बोलतात, त्यामुळे नाना जास्त चिडतात. "नाना, लोखंड कापताना शून्यावर कुणीच पोचत नाही. फरक उरतोच. तीन थाऊ, पाच थाऊ. तो उरलेला फरक कुणाच्या पदरात टाकायचा, एवढाच प्रश्न आहे. टूलरूममध्ये बसलेल्या माझ्या, की भर पावसात बंदोबस्ताला उभ्या असलेल्या शिपायाच्या?"

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मिलिमीटर येऊन इतकी वर्षं झाली तरी मशीनवरच्या जुन्या माणसांच्या तोंडून हा शब्द गेलेला नाही. आपल्या डोक्याचा केस साधारण दोन-तीन थाऊ जाडीचा असतो.

बापूंनी मग गोष्ट पार मागे नेली. सत्तावन्नच्या उठावाशी ज्या काडतुसांची आठवण जोडलेली आहे, ती १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्डची. ती बंदूक बोल्टची नव्हती, नळीच्या तोंडातून भरायची होती, पण बापूंच्या मुद्द्याला तीच हवी होती. "त्या एकाच नमुन्याच्या दोन जाती होत्या. एक बर्मिंगहॅम आणि लंडनच्या कारागिरांची. एक जण फक्त चाप घासणारा, एक जण फक्त लाकूड कोरणारा, सगळे आपापल्या खोलीत बसून. माल उत्तम. पण एका बंदुकीचा चाप दुसऱ्या बंदुकीत जायचा नाही. दुसरी जात एनफिल्डची. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात व्हरमाँटच्या रॉबिन्स अँड लॉरेन्स कंपनीनं रायफली मांडल्या, त्यांचे भाग आपसात बदलता येत होते. ते पाहून इंग्रज अमेरिकेला गेले, तिथून यंत्रं विकत आणली आणि एनफिल्डला बसवली. दहा वर्षांच्या आत बर्मिंगहॅमच्या कारागिरांना कळून चुकलं की आपण एकेकटे टिकत नाही. १८६१ मध्ये त्यांनी एकत्र येऊन यंत्रांचा कारखाना काढला. तीच बीएसए."

हीच बीएसए पुढे मोटरसायकलींसाठी जगभर ओळखली गेली. रॉयल एनफिल्ड या दुसऱ्या कंपनीचं नावसुद्धा तिनं एनफिल्डच्या शस्त्र कारखान्याला सुटे भाग पुरवले त्यातून आलं. आपल्या रस्त्यावरून धडधडत जाणाऱ्या बुलेटचं नाव असं थेट या वादात येऊन मिळतं, हे मला त्या दिवशी फार आवडलं.

"ठीक," नाना म्हणाले. "आता विंचेस्टरचं सांगू?"

बापूंनी हात वर केला, सांगा या अर्थानं. हा नानांचा हुकमी एक्का आहे.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडला रायफली कमी पडल्या, तेव्हा पॅटर्न १९१४ नावाच्या नव्या नमुन्याची मागणी अमेरिकेतल्या तीन कारखान्यांकडे गेली. न्यू हेवनचं विंचेस्टर, इलियनचं रेमिंग्टन आणि पेनसिल्व्हेनियातलं एडिस्टोन. रायफल एक, नकाशे एक. तिन्हीकडून माल आला आणि भाग एकमेकांत नीट बदलता येईनात. शेवटी इंग्रजांनी नावातच भेद केला. मार्क वनच्या पुढे डब्ल्यू, आर किंवा ई, म्हणजे कुठल्या रायफलीला कुठल्या पेटीतला सुटा भाग लागतो ते कळावं. १९१७ मध्ये अमेरिका स्वतः युद्धात उतरली. तिच्याकडेही रायफली अपुऱ्या. तीच यंत्रं, तेच तीन कारखाने, फक्त काडतूस अमेरिकन. या वेळी अमेरिकन लष्करानं भाग बदलण्यावर जोर दिला, नकाशे एकसारखे करायला वेळ घेतला. विंचेस्टर त्यासाठी थांबलं नाही. अंतिम नकाशे हाती येण्याआधीच त्यांनी काम सुरू केलं, आणि त्यांच्या सुरुवातीच्या रायफलींचे भाग बाकीच्यांत बसेनात.

"बघा," बापू म्हणाले, "तुम्हीच माझी बाजू मांडताय."

"पुढचं ऐका. इंग्रजांना नेमबाजांसाठी दुर्बिणीच्या रायफली करायच्या होत्या. तीन कारखान्यांचा लाखो रायफलींचा ढीग पुढे. त्यांनी कुणाच्या निवडल्या? विंचेस्टरच्याच. जो कारखाना बाकीच्यांशी जुळत नव्हता, त्याच्याच रायफली चारशे यार्डांवर डोकं टिपायला पाहिजे होत्या. कारण त्या हातानं जुळवलेल्या असायच्या. स्वतःशी जुळलेल्या."

बापू थोडा वेळ काही बोलले नाहीत. मलाही त्या क्षणी नानांचं पटलं होतं. एकाच कारखान्याचं एकच काम, आणि त्याला दोन ठिकाणांहून अगदी उलट निकाल मिळतो. सुटे भाग सांभाळणाऱ्याला तो डोकेदुखी वाटतो, नेम धरणाऱ्याला वरदान. मग बापू म्हणाले, "नेमबाज किती असतात फौजेत? शंभरात एक धरा. उरलेल्या नव्व्याण्णवांची रायफल मोडली तर?" हे उत्तर चुकीचं नाही. पण नानांनी जे दाखवलं होतं ते त्याने पुसलं गेलं नाही, आणि ते बापूंनाही ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी भट्टीचा विषय काढला.

मला या सगळ्या चर्चेत सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट हीच.

अमेरिकेची १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल दोन सरकारी कारखान्यांत होत असे, स्प्रिंगफील्ड आणि रॉक आयलंड. बॉडीचं लोखंड तापवून घडवायचं, मग त्याला पाणी द्यायचं. किती तापलं हे ठरवायचं कारागिरानं, रंग बघून. चेरीसारखा लाल, नारिंगी, पिवळसर. वर्षानुवर्षं हेच करणारी अनुभवी माणसं. १९१७ मध्ये काही रायफलींच्या बॉड्या गोळी सुटताना फुटल्या. चौकशी झाली आणि भट्टीपाशी तापमापक लावला तेव्हा कळलं की ऊन पडलेल्या दिवशी तापलेलं लोखंड डोळ्याला फिकं दिसतं. कारागीर अजून तापवतो. ढगाळ दिवशी त्याच उष्णतेचं लोखंड झगझगीत दिसतं. फरक तीनशे अंश फॅरनहाइटपर्यंत जात होता. लोखंड जळत होतं, ठिसूळ होत होतं, आणि वरून बघून काहीच कळत नव्हतं. मग पद्धत बदलली, दोनदा उष्णता देणं सुरू झालं. स्प्रिंगफील्डमध्ये आठ लाखाव्या क्रमांकापासून आणि रॉक आयलंडमध्ये २,८५,५०७ पासून. त्याआधीच्या दहा लाखांहून जास्त रायफली आजही 'लो नंबर' म्हणूनच ओळखल्या जातात, आणि जाणकार त्या झाडत नाहीत.

"डोळा," बापू म्हणाले. "फिटरचा हात, लोहाराचा डोळा. ऊन पडलं की डोळा फसला."

नाना गप्प झाले. मला वाटलं आता विषय बदलेल. पण ते हळूच म्हणाले, "आमच्या गावच्या लोहाराची भट्टी आठवते का रे?" हे मला. आठवत होती. देवळामागे एक बुटकी झोपडी, दार अर्धं बंद, आत काळोख, आम्ही पोरं दारात उभी राहिलो की तो ओरडायचा, बाजूला व्हा. "विळ्याला पाणी द्यायच्या वेळी तो दारात कुणाला थांबू द्यायचा नाही. मी समजत होतो की मंत्रबिंत्र म्हणत असेल. उजेड नको म्हणून. रंग काळोखातच खरा दिसतो, हे त्याला माहीत होतं. तुमच्या स्प्रिंगफील्डनं लोहाराचा डोळा घेतला बापू, त्याचा काळोख घेतला नाही."

बापूंनी हे पहिल्यांदाच ऐकलं. मीही. मला वाटतं, भट्टीत फसला तो एकटा डोळा. डोळ्याला आधार देणाऱ्या ज्या बारक्या सवयी गावच्या झोपडीत होत्या, त्या मोठ्या खिडक्यांच्या कारखान्यात मागे राहिल्या. तापमापक आला तो त्या काळोखाच्या जागी.

यानंतर दोघे थोडे सैलावले आणि गोष्टी भराभर आल्या. नानांनी फिनलंड काढलं. फिन लोकांनी मोसिन-नागान रायफलीची बॉडी स्वतः कधी बनवलीच नाही. रशियाकडून हाती लागलेल्या बॉड्या घेतल्या, त्यांत अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये बनलेल्याही होत्या. त्यांवर आपली नळी चढवली, लाकूड नीट जुळवलं, आणि त्याच जातीच्या रायफलीनं त्यांचा नेमबाज सिमो हायहा हिवाळी युद्धात लढला. बापूंनी उलट टोक धरलं. दुसऱ्या महायुद्धात स्मिथ-कोरोना या टाइपरायटरच्या कंपनीनं दोन लाखांहून जास्त स्प्रिंगफील्ड बनवल्या आणि त्या चांगल्या निघाल्या. बंदुकीची परंपरा शून्य, पण टाइपरायटरची की हजारो वेळा त्याच जागी पडली पाहिजे हे ज्यांना कळतं, त्यांना गेज शिकवावं लागत नाही. हेही मला बरोबर वाटलं. इंग्लंडात १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बीएसएच्या स्मॉल हीथ कारखान्यावर बॉम्ब पडले, ५३ कामगार मेले, काम शर्लीत आणि इतरत्र विखुरलं. त्या दिवसांत नळीत पाचऐवजी दोनच आटे पाडून वेळ वाचवायचा मार्ग कॅनडाच्या लाँग ब्रँच कारखान्यानं आणि अमेरिकेच्या सॅव्हेज कंपनीनं धरला. चाचण्यांत नेम फारसा ढळला नाही. पाच आट्यांचा आग्रह धरून बसलेल्यांना ते मान्य करावं लागलं.

मी तोवर ऐकत होतो. पण मला स्वतःला जे म्हणायचं होतं ते या दोघांपैकी कुणीच म्हणत नव्हतं, म्हणून मी मध्ये बोललो. हात की गेज, एवढ्यातच तुम्ही फिरताय. नकाशाच बदलणारे लोक यात कुठे आहेत?

लिथगोचं घ्या. १९१२ साली तो कारखाना सुरू झाला. यंत्रं इंग्लंडची नव्हती, हार्टफर्डच्या प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकन कंपनीची. नमुना इंग्रजी होता आणि तो अक्रोडाच्या लाकडासाठी आखलेला. ऑस्ट्रेलियात अक्रोड पुरेसा नाही. तिथल्या लोकांनी क्वीन्सलँड मेपल वापरलं, नंतर कोचवुड. लाकूड मऊ. गोळी सुटली की बॉडी मागे ढकलली जाते आणि धक्का लाकडाच्या एका छोट्या खांद्यावर बसतो. मऊ लाकडात तो खांदा दबतो, आणि दबला की नळीची बैठक सरकते, नेम जातो. फिटरनं कितीही छान बसवलं तरी पुष्कळ गोळ्यांनंतर तेच. गेजनं कितीही तपासलं तरी लाकूड पहिल्या दिवशी बरोबरच असतं. लिथगोनं तिथे तांब्याच्या छोट्या पट्ट्या बसवल्या. धक्का तांब्यावर, तांबं लाकडावर. इंग्रजी नकाशात ही पट्टी नाही.

आणि आपलं इशापूर. संग्राहकांच्या बोलण्यात इशापूरच्या रायफलीबद्दल एक हलका सूर असतो. फिनिश राकट, रंग जाड, शिक्के वेडेवाकडे. असेलही. पण त्या रायफलीच्या पुढच्या लाकडात, मॅगझिनच्या थोडं पुढे, एक आडवा स्क्रू आरपार गेलेला दिसतो. त्याची टोकं दोन्ही बाजूंनी दिसतात. तो लाकूड चिरू नये म्हणून आहे. उन्हाळ्यात वाळणारं, पावसाळ्यात फुगणारं, गुदामात वर्षानुवर्षं पडून राहणारं लाकूड धक्क्याच्या जागी फाटतं हे कुणीतरी इथे पाहिलं आणि त्यावर हा उपाय केला. साधा, कुरूप आणि पुरेसा. ज्यानं तो स्क्रू सुचवला त्या माणसाचं नाव कुठल्या गोष्टीत येत नाही. पण आपल्याकडे यंत्रकामाची परंपरा नव्हती असं कुणी म्हटलं की मला तो स्क्रू आठवतो आणि राग येतो. १९६२ च्या युद्धानंतर याच कारखान्यानं या जुन्या रायफलीला नव्या ७.६२ च्या काडतुसासाठी चांगल्या पोलादाची बॉडी दिली. दाब जास्त होता, नुसती नळी बदलून भागलं नसतं. आणि १९६५ च्या टू-ए-वन या सुधारणेत दृष्टीपट्टीवरचे आकडे दोन हजारांवरून आठशेवर आणले, कारण दोन हजारांवर शिपाई कधीच नेम धरत नव्हता.

"स्क्रूची गोष्ट खरी," नाना म्हणाले. "माझ्याकडे ज्यांचं लाकूड फाटून यायचं, त्यांत तो स्क्रू असलेली क्वचित."

बापू उठून आतून एक लाकडी पेटी घेऊन आले. आत मऊ फडक्यात गुंडाळलेलं एक प्लग गेज होतं. दोन टोकं, एक जरा लांब, एक आखूड. गो आणि नो-गो. लांब टोक भोकात गेलं पाहिजे, आखूड जाता कामा नये. मी ते हातात घेतलं. जड, थंड, आणि लांब टोकाची चकाकी पुढच्या अर्ध्या इंचात मंद झालेली. "झिजलंय," बापू म्हणाले. "मीच रद्द केलं. चार दशांश थाऊ. डोळ्याला दिसत नाही. पण हे चालू ठेवलं असतं तर कारखान्यातला प्रत्येक माणूस आपापलं काम बरोबर करून चुकीचा माल पाठवत राहिला असता."

नानांनी ते माझ्या हातून घेतलं, उजेडाकडे धरलं आणि अंगठ्याचं नख त्या मंद भागावरून फिरवलं. "लागतंय," ते म्हणाले. बापूंनी मान हलवली. नखाला इतकं कळतं यावर त्यांचा विश्वास नाही, पण ते काही बोलले नाहीत.

"पुढच्या रायफलीत, नंबर फोरमध्ये, त्यांनी तुमच्या उरलेल्या फरकाचा बंदोबस्त केला," बापू म्हणाले. "बोल्टच्या टोकाला स्क्रूसारखं बसणारं बोल्टहेड चार मापांत. शून्य, एक, दोन, तीन, प्रत्येकात साधारण तीन थाऊंचा फरक. बोल्ट आणि नळी यांत जागा जास्त वाटली की पुढच्या मापाचं हेड लावा. कानस नको."

"आणि कुठलं लावायचं ते कुणी ठरवायचं?"

"गेजने."

"गेज धरायचं कुणी?"

इथे नेहमी दोघे थांबतात. पण त्या दिवशी नाना पुढे गेले. रायफली जमा करून घ्यायच्या दिवसांची गोष्ट त्यांनी मला आधी कधी सांगितली नव्हती. नवी हत्यारं येत होती, थ्री-नॉट-थ्री हळूहळू जात होत्या. सगळ्या गेल्या नव्हत्या. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सीएसटी स्थानकावर हल्ला झाला तेव्हा पोलिसांच्या हातात त्याच होत्या, आणि त्या रात्रीबद्दल नाना कधी बोलत नाहीत. जमा करताना प्रत्येक रायफलीची बॉडी आणि बोल्ट यांचे नंबर रजिस्टरात लिहायचे होते. एकशे चाळीसच्या आसपास रायफली. एक इशापूरची निघाली, तिच्यात बोल्ट भलत्याच नंबरचा. तो बोल्ट कुणाचा हे शोधता शोधता संध्याकाळ झाली. सापडला तो एका लिथगोच्या रायफलीचा, आणि त्या लिथगोत इशापूरचा. केव्हातरी परेडनंतर धुताना दोन शिपायांनी बोल्ट बदलून घातले होते.

"किती वर्षं तशाच?" बापूंनी विचारलं.

"माझ्या आधीपासून असणार. मी दोन्ही गेज लावली. चौसष्ट थाऊवर बोल्ट बंद झाला पाहिजे, चौऱ्याहत्तरवर होता कामा नये. दोन्ही रायफली पास. मग बोल्ट आपापल्या नंबराला घालून पाहिले. तशाही पास."

बापूंचा चेहरा उजळला. दोन खंडांतले दोन कारखाने, दोन वेगळी लाकडं, आणि बोल्ट बिनबोभाट आपसात बदललेले. "मग? नंबराप्रमाणे घातलेत ना परत?"

"लग पाहिले," नाना म्हणाले. "बंदुकीचं तेल पुसून, बल्बखाली धरून. लिथगोच्या बॉडीतला घासल्याचा डाग इशापूरच्या बोल्टशी जुळत होता, कडेपासून कडेपर्यंत. दोन्ही बाजूंना. तिकडेही तसंच. इतकी वर्षं एकमेकांना घासून बसले होते ते. नंबराप्रमाणे घातले की एकाच लगला टेकायचे."

"मग काय केलंत?"

"होते तसेच ठेवले. रजिस्टरात प्रत्येकापुढे दोन्ही नंबर लिहिले आणि सही केली."

बापूंनी प्लग गेज परत फडक्यात गुंडाळलं, पण पेटी बंद केली नाही.